पाण्याच्या रेघेवरची बोटं

दादाला चित्रांतलं काही कळत नाही आणि तो ते कधी लपवतही नाही. बहिणीच्या प्रदर्शनाला जायचं, एक चक्कर मारायची, "छान, रंग चांगले आलेत" म्हणायचं आणि चहाच्या टेबलाजवळ जाऊन उभं राहायचं, हा त्याचा शिरस्ता. यंदा मात्र चिमणीने त्याला उद्घाटनाच्या सात तास आधी बोलावलं होतं. "संध्याकाळी सगळे येतात तसा येऊ नकोस. सकाळी दहाला ये. अकराला अप्पा यायचेत, त्याआधी मला तुझ्याशी बोलायचंय," एवढं म्हणाली आणि फोन ठेवून दिला. अप्पांचं नाव ऐकलं आणि दादाच्या पोटात गोळा आला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दोन लेकींचा बाप, जावई येऊन वाकून नमस्कार करतात, आणि तरी स्वतःच्या बापाचं नाव निघालं की पोटात गोळा येतोच!

चिमणी म्हणजे त्याची धाकटी बहीण. आता एक्कावन्नची आहे, केस पिकलेत, चष्मा गळ्यात लटकतोय, आवाज असा की भिंतीपलीकडच्याने दचकावं. पण घरात नाव पडलं ते पडलं. ती चित्रं काढते म्हणणं तसं चुकीचंच. ती चित्रं रचते आणि मग खरवडते. मोठ्या प्लायवूडवर आधी जुन्या वस्तू चिकटवायच्या: कागद, कापड, पत्र्याचे तुकडे, फाटकी पाकिटं. त्यावर रंग, त्यावर गोंद, त्यावर पुन्हा वस्तू, पुन्हा रंग. असे दहा-बारा थर झाले की महिनाभर वाळू द्यायचं, आणि मग पाणी मारून, ब्लेड घेऊन बसायचं खरवडत. "आठवणींचं असंच असतं," ती भेटेल त्याला ऐकवायची. "थरावर थर चढतात. जे खरवडूनही जात नाही ते खरं." हे वाक्य पेपरातसुद्धा छापून आलं होतं. दादाच्या बायकोचं मत वेगळं होतं, पण ते छापायला कोण येतंय?

दादा विम्याचा सर्व्हेअर. कुठे दुकान जळालं, कुठे गोदामात पाणी शिरलं की विमा कंपनी याला पाठवते. हा जातो, गुडघ्यावर बसून भिंतीचे कोपरे बघतो, आणि लिहून देतो की आग कुठून लागली, पाणी कुठून आलं, किती वेळ साचून होतं. तीस वर्षं त्याने लोकांच्या थापा ऐकल्यात. "साहेब, मी स्वतःच्या हाताने बटण बंद केलं होतं हो," असं कोणी छातीठोकपणे म्हणालं की दादाला तिथेच कळायचं. सहकारी म्हणायचे, काय नजर आहे! नजर कसली आलीय. त्याला तो सूर ओळखीचा होता, बस.

दालनात तो पोचला तेव्हा आत तिघंच होती. एक तो, एक चिमणी, आणि शिडीवर चढलेला लाइटवाला, साठीचा, तोंडात स्क्रू धरलेला. खाली रिकामी खोकी, दोऱ्या, कापडाचे बोळे. चिमणीचे डोळे सुजले होते. तिने त्याचा हात धरला आणि त्याला शेवटच्या भिंतीपाशी नेलं.

आठ फूट बाय सहा फूट. दादाने बघितलं आणि "छान" हा शब्द त्याच्या ओठांवरच राहिला. ती अप्पांची डार्करूम होती. डाव्या हाताला काळा पडदा, खराखुरा, त्याच घराचा, अजून त्याला फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस वास येत असावा. खाली निगेटिव्हची पिवळी पाकिटं, एकावर एक, फुगून एकमेकांना चिकटलेली. मध्ये कमरेएवढ्या उंचीवर पत्र्याची मोरी आणि मोरीवर पितळी नळ. नळाखाली सगळीकडे पाणी होतं. ते तिने कशाने केलं होतं देव जाणे, पण दादाने नकळत पाऊल मागे घेतलं.

"ओळखलंस?" चिमणीने विचारलं.

"ओळखणार नाही होय?"

आता ही भानगड काय, ते सांगायलाच हवं. अप्पांचा फोटो स्टुडिओ खाली होता आणि घर वरच्या मजल्यावर. एकोणीस वर्षांच्या निगेटिव्ह त्या डार्करूममध्ये होत्या, शहरातल्या निम्म्या घरांची लग्नं, मुलं, म्हातारीकोतारी. कोणाचा आजा गेला की घरचे अप्पांकडे यायचे, त्याचा चेहरा परत मागायला. एकदा अप्पा लग्नाच्या ऑर्डरीसाठी परगावी गेले. जाताना तेरा वर्षांच्या दादाला काम सांगून गेले: आधीच्या एका लग्नाचे तयार फोटो मोरीत वाहत्या पाण्यात ठेव, अर्ध्या तासात औषध धुऊन निघेल, मग नळ बंद कर आणि फोटो वाळत घाल. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाली उतरली तर नळ चालू, जमिनीवर घोटाभर पाणी, आणि खालच्या सगळ्या फळ्यांवरची पाकिटं भिजून लगदा झालेली.

अप्पा दुपारी आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दादाला समोर उभं केलं आणि विचारलं, "नळ बंद केला होतास?"

"हो."

"खरं सांग."

"केला होता, अप्पा."

एक थोबाडीत बसली, आणि आठ दिवसांनी दादाची रवानगी दुसऱ्या शहरात काकाकडे झाली. तिथेच शिकला, तिथेच वाढला, सुट्टीतसुद्धा पाहुण्यासारखा यायचा. स्टुडिओ बंद पडला. अप्पा दुसऱ्याच्या दुकानात उभे राहून पासपोर्टचे फोटो काढू लागले. आणि आई? "माझं पोर खोटं बोलत नाही," असं तिने एकदा अप्पांच्या तोंडावर सांगितलं आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. वाढलंय, दूध संपलंय, कोणीतरी आलंय, एवढंच. बारा वर्षांपूर्वी गेली तेव्हाही यात काडीचा फरक पडला नव्हता. ती गेल्यापासून अप्पांचं औषधपाणी, जेवणखाण, सगळं चिमणी बघते.

"दादा, नीट ऐक," चिमणी म्हणाली. तिचा मोठा आवाज आज एवढासा झाला होता. "तू नळ बंद केला होतास. तू खरं बोलत होतास. नळ मी उघडला."

दादाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"मी. सहा वर्षांची होते. तू नळ बंद करून खेळायला गेलास, आणि मी खाली गेले. ब्रश धुवायला. वर आई ओरडली असती सांडलं म्हणून. स्टूल ओढलं, पडद्याच्या आत गेले. नळ घट्ट होता, दोन्ही हातांनी पिळला. गार लागला, दादा. मला अजून हाताला लागतो. आणि मग तो बंद करता येईना आणि मी पळाले."

"कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी नाही. याने." तिने चित्राकडे बोट केलं. "वर्षभर बसलेय याच्यासमोर. आधी फक्त पडदा आठवत होता. मग स्टूल आठवलं. आणि तीन महिन्यांपूर्वी खरवडताना हे निघालं. बघ."

नळाच्या बाजूला, रंगाच्या खालून उघडा पडलेला एक छोटा फोटो होता. कुणा बाईचा, अर्धा उडालेला. त्यावर चार निळे ठसे. इवलीशी बोटं, लहान पोराचीच.

"माझ्या रंगपेटीतला निळा. मोरीपाशी पडलेला फोटो मी ओल्या हाताने धरला असणार. जे खरवडूनही गेलं नाही ते हे." तिने डोळे पुसले. "मी सगळं लिहून काढलंय, भिंतीवर लावणारे. पण आधी अप्पांना सांगणार. तुझ्यासमोर. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तुला चोरासारखं वागवलंय. आज ते तुझी माफी मागतील. मागायलाच हवी."

दादाने सवयीने खिशातलं भिंग काढलं. त्याला बघायचं नव्हतं खरं तर, पण हात ऐकेना. वाकला आणि फोटोवर भिंग धरलं. भिजून वाळलेल्या कागदावर पाणी एक रेघ सोडून जातं, तपकिरी, कडेला जरा गडद. अशा रेघा त्याने हजारो बघितल्या होत्या. फोटोवर ती आडवी गेली होती, आणि निळी बोटं त्या रेघेवर चढून उमटलेली होती. रेघ आधीची, बोटं नंतरची. रेघ कुठे तुटलेली नव्हती, निळा कुठे फुटलेला नव्हता. लहान मुलांच्या रंगपेटीतला रंग तो, बादलीत हात घातला तरी निघून जातो. चिमणीच्या गोंदाखाली तो आज टिकला, पण रात्रभराच्या पाण्यात टिकेल होय? बोटं पाणी ओसरल्यावर लागली होती, कागद वाळल्यावर. दादाला तर ती लागतानाही आठवत होती. काकाकडे जाण्याआधीच्या त्या आठ दिवसांत आईने वाचतील ते फोटो गच्चीवर पसरले होते, आणि ही चिमणी रंगलेल्या हातांनी ते उलटेपालटे करत फिरत होती. आईने तिला त्याबद्दल धपाटाही घातला होता.

आणि हे सगळं कळायला भिंगाची काय गरज होती? नळ कोणी चालू ठेवला ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याने स्वतःच. फोटो पाण्यात टाकले, नळ सोडला आणि मैदानावर मॅच चालू होती तिकडे धूम ठोकली. परत आला, जेवला, झोपला. विसरला, बस. पोरं विसरतात. पण अप्पांनी विचारलं तेव्हा तोंडातून "हो" निघून गेलं, आणि आई त्या "हो"च्या मागे पदर खोचून उभी राहिली, आणि मग ते परत घ्यायची सोयच उरली नाही. वर्षं गेली तसं ते एवढं मुरलं की अप्पांनी आपल्यावर अन्याय केला, असंच दादाला वाटायला लागलं. बायकोला त्याने तसंच सांगितलं होतं. लेकींनाही. आजोबांकडे जायला लेकी नाखूश असायच्या त्या त्यामुळेच.

त्याने भिंग खिशात टाकलं. घड्याळात दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"चिमणे, हे तू नाही केलंस."

"दादा..."

"अगं, हे माझं रोजचं काम आहे. बोटं रेघेवर चढलेली आहेत. पाणी ओसरल्यावरची. गच्चीवर फोटो वाळत घातले होते तेव्हाची. तू मोरीपाशी गेलीस याला हा पुरावा होत नाही."

चिमणीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला मान खाली घालावी लागली. एवढी माया होती त्या बघण्यात. "तू मला वाचवतोयस. लहानपणापासून तेच करतोस. मी काचेचं भांडं फोडलं तेव्हाही तूच अंगावर घेतलंस."

"हे भांडं नव्हे! मी तुला खरं काय ते..."

"मला आठवतंय!" तिचा आवाज चढला, शिडीवरचा माणूस खाली बघायला लागला. "स्टूल आठवतंय, नळ आठवतोय, पळतानाची माझी छाती आठवतेय. तू सांगशील रेघ आणि मी पुसून टाकू? वर्ष घातलंय मी यात. झोपलेली नाहीये तीन महिने. रोज अप्पांना वाढताना वाटतं, आत्ता सांगावं, आत्ता सांगावं."

दादाला एका वाक्यात ते मिटवता आलं असतं. मीच चालू ठेवला होता, एवढंच वाक्य. पण ते जिभेवर आलंच नाही, कारण त्याच्याआधी दुसरं एक वाक्य येऊन बसलं होतं. अप्पा माफी मागतील. दादाने किती वेळा हे मनात रंगवलं होतं! दाढी करताना, गाडी चालवताना, काकाच्या घरी भांडी घासताना तर रोज. अप्पा समोर उभे आहेत आणि म्हणताहेत, चुकलो रे पोरा. आणि आज ते पंचवीस मिनिटांवर आलं होतं. त्याने मूग गिळले.

"मॅडम, हा झोत नळावर पाडू का पडद्यावर?" लाइटवाल्याने वरून विचारलं.

"नळावर," चिमणी म्हणाली.

अप्पा अकराला दहा कमी असतानाच आले. त्यांचं सगळं आयुष्य वेळेआधी पोचण्यात गेलं होतं. शहाऐंशी वर्षं, हातात काठी, नजर अधू झालेली, पण पाठ ताठ. टॅक्सीवाल्याने दारापर्यंत सोडलं, पुढे हात धरू द्यायला ते तयार नव्हते. दादाला बघून "आलास?" म्हणाले. दादा "हो" म्हणाला. त्यांच्यात एवढंच व्हायचं.

चित्रासमोर मात्र ते थबकले. दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटला, फोटो काढताना मिटायचे तसा, आणि बराच वेळ बघत राहिले.

"मोरी थोडी उजवीकडे होती," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय," चिमणी म्हणाली, आणि तिने सांगितलं. ब्रश, स्टूल, पडदा, घट्ट नळ, पळणं. मध्ये एकदा तिचा आवाज गेला, तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पुन्हा सुरुवात केली. निळे ठसे दाखवले. लाइटवाला शिडीवर पुतळ्यासारखा बसून राहिला होता, खाली उतरावं की न उतरावं त्याला कळेना. दादा भिंतीला टेकला होता. आता बोल, आता बोल, असं त्याचंच मन त्याला म्हणत होतं, आणि तो बोलत नव्हता.

अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. तिचं सांगून झालं. मग हळूहळू दादाकडे वळले, काठी बगलेत धरली, आणि त्यांनी हात जोडले. बापाने! मुलापुढे!

"मी तुला मारलं," ते म्हणाले. "घरातून काढलं. तू लहान होतास. मला खरं-खोटं कळलं नाही, कळतंय असा माज होता. चुकलो रे पोरा. जमलं तर माफ कर."

खोटं कशाला सांगू? दादाला बरं वाटलं. पोटातला तो गोळा, तेरा वर्षांचा असल्यापासूनचा, सुटला आणि डोळे भरून आले. अप्पांचे हात त्याने धरले. ते हात इतके हलके झालेत हे त्याला माहीतच नव्हतं. त्या क्षणी कोणी त्याला विचारलं असतं की नळ कोणी चालू ठेवला, तर कदाचित तोही म्हणाला असता की चिमणीने.

मग अप्पा चिमणीकडे वळले.

"आणि तू एवढी वर्षं गप्प?"

"मला आठवत नव्हतं अप्पा. खरंच. आत्ता आत्ता..."

"हं," अप्पा म्हणाले.

तो "हं" दादाच्या ओळखीचा होता. त्याच्या वाट्याला आयुष्यभर तोच आला होता. चांगले मार्क पडले तरी हं, नोकरी लागली तरी हं, लग्न ठरलं तरी हं. त्यात शिवी नव्हती, राग नव्हता, फक्त दार लावून घेतलेलं असायचं. आणि आता ते दार जिने यांचं बारा वर्षं सगळं केलं, डोळ्यांत थेंब घातले, पायाची नखं कापली, तिच्या तोंडावर लागत होतं.

"मला घरी सोडायला दुसरं कोणी आहे का?" अप्पांनी विचारलं. प्रश्न दादाला होता. चिमणी जागच्या जागी पांढरीफटक पडली.

"अप्पा, थांबा," दादा म्हणाला. "तिने नाही केलं. मी केलं. नळ मीच चालू ठेवून गेलो होतो. मॅच बघायला गेलो आणि विसरलो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

बोलून झालं. दादाला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. पण अप्पांच्या चेहऱ्यावर हसूच आलं, थकलेलं, आणि त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं. "बहिणीला पाठीशी घालतोयस. कळतं मला. आईचं मन आलंय तुझ्यात."

"मगाशीही हेच करत होता," चिमणी रडत म्हणाली. "दादा, नको ना रे. मला करू दे मला करायचंय ते."

काय ही गत! खोटं बोलला तेव्हा बापाने विश्वास ठेवला नाही, आणि आज खरं बोलतोय तर दोघांनीही त्याला देव करून टाकलं. आता गप्प बसला असता तर कायमचं खपून गेलं असतं, वर मोठेपणाही पदरात पडला असता. कोणी कधी विचारलं नसतं.

"मी खरं सांगतोय! पाठीशी नाही घालत!" तो एवढ्या जोरात ओरडला की शिडी हलली.

अप्पांचं हसू गेलं. त्यांनी मान तिरकी केली. "असं म्हणतोस? मग एक सांग. नळ रात्रभर चालू राहिला, कबूल. पण मोरीला भोक होतं. पाणी वाहून जायला हवं होतं. तुझी आई उतरली तेव्हा भोक मोकळं होतं, मी स्वतः तिला विचारलं. मग खोलीत पाणी भरलं कसं?"

"भोकावर फोटो बसला होता."

अप्पांनी बगलेतली काठी पुन्हा जमिनीवर टेकवली.

"सकाळी सगळ्यांत आधी मी उठलो होतो," दादा म्हणाला. आता शब्द आपोआप येत होते. "खाली गेलो तर हे एवढं पाणी. मोरीत हात घातला. एक फोटो जाळीला चिकटून बसला होता. तो ओढून काढला आणि पाणी घळघळ जायला लागलं. तेवढ्यात जिन्यावर आईची चाहूल लागली. नळ बंद करायचंही सुचलं नाही. फोटो शर्टात घातला आणि मागच्या दाराने पळालो. नंतर फाडून टाकला."

"कोणाचा फोटो?" अप्पांचा आवाज खरखरीत झाला होता.

"एक म्हातारा. खुर्चीवर बसलेला, हातात टोपी. एक डोळा अर्धा मिटलेला होता त्याचा."

"नवऱ्या मुलाचा आजा," अप्पा म्हणाले. "बारा फोटो ठेवून गेलो होतो. अकरा सापडले. बारावा कुठे गेला याचा विचार करत मी... कोणालाच कधी बोललो नाही मी ते." ते मागे सरकले आणि खाली पडलेल्या खोक्यावर बसले. काठी हातातून सुटून पडली, ती कोणी उचलली नाही.

चिमणी चित्रासमोर उभी होती. "मग मला आठवलं ते काय होतं?" तिने विचारलं, कोणाला ते तिलाही ठाऊक नसावं. "तो गारवा? ते स्टूल?"

"ते तू बनवलंस, चिमणे," दादा म्हणाला. "माझ्यावर विश्वास होता म्हणून. मी बंद केला होता असं एकदा धरलं की कोणीतरी उघडायलाच हवा होता."

गळ्यातला चष्मा काढून तिने मुठीत घट्ट धरला.

दादा अप्पांसमोर गुडघ्यावर बसला. मारा, म्हणावं असं त्याला वाटत होतं. शिव्या द्या, माफी परत घ्या, हवं तर हाकलून द्या, सगळ्याची त्याची तयारी होती. पण अप्पांना निगेटिव्हचं काही पडलेलं दिसत नव्हतं. ते त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"आईला सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. ती माझ्यासाठी तुमच्याशी भांडत होती, अप्पा. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

अप्पांनी मान हलवली. "तेहतीस वर्षं," ते म्हणाले. "एका घरात, एका पंगतीला. तेहतीस वर्षं ती माझ्याशी धड बोलली नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. म्हणाली, पोराची माफी मागा, म्हणजे मी सुटले. मी म्हटलं, आधी त्याला खरं बोलू दे. तिने तोंड भिंतीकडे केलं. तशीच गेली."

त्यांनी मान वर करून पहिल्यांदा दादाकडे नीट पाहिलं.

"मी खोटा नव्हतो रे," ते म्हणाले. "हे आता तिला कोण सांगणार?"

दादाने पडलेली काठी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.